हरिपूरची पेवे अशी बुजवू नका: सांगलीच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
मा. आयुक्त, सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका
मा. सरपंच व सदस्य, हरिपूर ग्रामपंचायत
मा. सभापती व संचालक, कृषी उत्पन्न बाजार समिती, सांगली

सप्रेम नमस्कार.

सांगलीची हळद पिढ्यानुपिढ्या ज्या जमिनीखालच्या कोठारांत राहिली, ती हरिपूरची पेवे एकेक करून बुजत चालली आहेत. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि माल नासला. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा उरलीसुरली हिंमतही गेली. व्यापारी शीतगृहांकडे आणि गोदामांकडे वळले. ज्या जमिनीची किंमत तिच्या पोटातल्या हळदीवर ठरत होती, ती आता गुंठ्यावर ठरते. पेवात राडारोडा ढकलायचा, वर मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा आणि प्लॉट पाडायचे, असा हा पुनर्विकास चालू आहे.

आम्ही हळदीच्या व्यवहारात, हमालीत आणि बांधकामात असलेली माणसे आहोत. आमच्यातल्या काहींचे पोट पेवावर चालले, काहींना आता त्याच जमिनीवर घरे बांधायची आहेत. एकही पेव बुजवू नका, असे आमचे म्हणणे नाही. नदीकाठची बरीच पेवे पुन्हा कधीच वापरात येणार नाहीत, हे आम्हालाही दिसते. पण आज ती ज्या पद्धतीने बुजवली जात आहेत, तिने वर राहणाऱ्यांच्या जिवाला धोका आहे. शिवाय जी अजून कामाची आहेत, तीही त्याच मातीत जात आहेत. हे गप्प बसून बघणे आम्हाला शक्य नाही.

हे पत्र हरिपूरबाहेरचे लोकही वाचतील, म्हणून आधी पेव म्हणजे काय ते सांगतो. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, खाली तीन-चार फुटांचा गळा आणि मग रांजणासारखे फुगत गेलेले पोट. खोली साधारण वीस फूट, काहींची त्याहून जास्त. आत वीट नाही, दगड नाही. हरिपूरच्या घट्ट, चिकण मातीतच ते कोरलेले असते आणि त्या मातीच्या जोरावरच उभे राहते. माल भरण्याआधी भिंती शेणमातीने सारवून वाळवायच्या, तळाला पाचटाचा किंवा भुश्याचा थर द्यायचा, वाळलेली हळकुंडे ओतायची, तोंडावर झाकण ठेवून माती लिंपायची. विजेचा एक युनिट न जाळता हळद वर्षानुवर्षे टिकते.

ती का टिकते, हेही समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या मागण्या त्यावर उभ्या आहेत. दहा-पंधरा फूट खाली मातीचे तापमान बाराही महिने जवळपास एकच असते. त्यामुळे दिवसा तापून रात्री गार होणाऱ्या पत्र्याच्या गोदामात जसा मालावर ओलावा धरतो, तसा इथे धरत नाही. तोंड बंद केले की आतली हळद, माती आणि असलेले किडे मिळून प्राणवायू संपवत जातात. तो तीन टक्क्यांच्या खाली आला आणि तिथेच काही आठवडे राहिला, की कोठारातले बहुतेक किडे मरतात. औषधाच्या गोळ्या लागत नाहीत. उजेड अजिबात पोहोचत नाही, म्हणून रंगही उतरत नाही. हळदीतले कुरकुमीन उजेडाने विटते. ही सगळी किमया मात्र एका अटीवर चालते: हळद नीट वाळलेली हवी, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. बाराच्या वर गेला की बंद पेवातही बुरशी धरते आणि मग दोष पेवाला दिला जातो.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार बुजवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पोटाचा व्यास दहा फूट, सरासरी आठ धरा, वापरातली खोली पंधरा फूट. म्हणजे साडेसातशे घनफूट, साडेसात ब्रास पोकळी. त्यात दोन-तीन ट्रॉल्या विटांचे तुकडे आणि काँक्रीटचे ढेकळे टाकले की तोंडाशी ढीग दिसतो आणि पेव भरले असे वाटते. प्रत्यक्षात मोठे तुकडे अरुंद गळ्यात एकमेकांत अडकतात, तिथे डाट बसते आणि खालचे पोट अर्धे रिकामे राहते. वरून रोलर फिरवल्याने ते भरत नाही. रोलरचा दाब वरच्या दोन-तीन फुटांपलीकडे फारसा पोहोचतच नाही. मग कधीतरी पूर येतो किंवा पावसाळा लांबतो, माती भिजून मऊ होते, अडकलेली डाट सुटते आणि जमीन एकदम बसते. दुमजली घराच्या कॉलमचा फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पायाचा रुंद तळ, चार-पाच फूट चौरस असतो आणि पाच-सहा फूट खोल जातो. तो नेमका पेवाच्या माथ्यावर येऊन टेकतो. खालचे पोट त्याच्या दुप्पट रुंद असते. असे घर बसले तर त्याला दैवी आपत्ती म्हणता येणार नाही.

याला जोडून शोषखड्ड्यांचा प्रश्न आहे. नव्या वस्तीत ड्रेनेज नसले की प्रत्येक घराला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा येतो. शेजारच्या पेवाची भिंत कोरडी राहिली तरच उभी राहते. शोषखड्डा तिला बारा महिने भिजवत राहतो. ज्या पेवाला २०१९ च्या पुरानेही काही झाले नाही, ते अशा पाझराने दोन-चार वर्षांत ढासळू शकते, आणि ढासळताना वरचा रस्ता किंवा कुंपण बरोबर घेऊन जाते.

दुसरे, पेवे नेमकी कुठे आहेत हे जमीन घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र दिसते, खालची पोकळी दिसत नाही. बिनशेतीची परवानगी आणि बांधकामाचा नकाशा यांत त्याचा प्रश्नही विचारला जात नाही. ज्यांना जागा तोंडपाठ आहेत ते हमाल आणि अडते आता वयाने थकले आहेत. त्यांच्याकडून माहिती घ्यायची तर ती आत्ताच घ्यावी लागेल.

तिसरे, उघडी पडलेली रिकामी पेवे. कुठे पत्रा टाकलेला, कुठे झुडूप वाढलेले. त्यात जनावर पडते, पोर पडू शकते. त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी माणुसकीने त्याला काढायला खाली उतरतो. पेवातल्या हवेबद्दल जुन्या माणसांना ज्ञान होते. तोंड उघडून तीन-चार तास तसेच ठेवायचे, मग दोरीने पेटता कंदील सोडायचा, विझला तर उतरायचे नाही. हळदीने भरलेल्या, कोरड्या पेवासाठी तो नियम ठीक होता, तरी पुरेसा नव्हता. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली माणसाने उतरू नये. ज्योत मात्र १६-१७ टक्क्यांपर्यंत जळत राहते. म्हणजे कंदील ‘हो’ म्हणतो तेव्हाही माणसाला भोवळ येऊ शकते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाशी साचून राहतो. दहा टक्के झाला तर काही मिनिटांत शुद्ध हरपते.

पुराचे पाणी शिरलेल्या पेवात तर कंदील सोडणे हाच धोका. तिथे हळद, पाचट, शेण सगळे कुजलेले असते. त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असेल तर ज्योतीने स्फोट होतो. हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास आधी येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. बुजवण्याच्या कामावर रोजंदारीने आलेल्या माणसाला यातले काहीही सांगितलेले नसते.

चौथे, पुरानंतर पाणी काढण्याची घाई. पंप लावून एका दिवसात पेव कोरडे करायचे, हा उपाय दिसायला बरोबर, परिणाम उलटा. भिजलेल्या भिंतीला आतून पाण्याचाच आधार असतो. तो एकदम काढला की मातीत अडकलेले पाणी आत ढकलू लागते आणि भिंत थराथराने कोसळते. पाणी दिवसाला फूट-दीड फूट याच हिशेबाने उतरवले पाहिजे, आणि मधल्या काळात वरच्या पंधरा-वीस फुटांच्या वर्तुळात ट्रॅक्टर, क्रेन, मालाची थप्पी काहीही नको. २०२१ च्या जुलैतही सांगलीत पूर आला. पुढचा येणारच आहे. ही सूचना एका पानावर छापून वाटायला किती खर्च येईल?

पाचवी तक्रार सद्‌हेतूने होणाऱ्या नुकसानीबद्दल आहे. पेव ‘पक्के’ करायचे म्हणून आतून विटांचे अस्तर आणि त्यावर सिमेंटचा गिलावा द्यावा, असा विचार अधूनमधून मांडला जातो. कृपा करून ते करू नका. मातीची भिंत थोडा ओलावा घेते आणि थोडा सोडते, म्हणून आतली हवा एका पातळीवर राहते. गिलावा केला की ओलावा भिंतीवर थेंबांच्या रूपात धरतो आणि भिंतीला टेकलेली हळद काळी पडते. मातीतले क्षार गिलाव्यामागे साचून पापुद्रे सुटतात. वीट आणि माती यांच्यात फट राहते, तिच्यात पाणी शिरते, आणि भूजल वर आले की रिकाम्या अस्तराला चहूबाजूंनी दाब बसून ते तडकते. वीट वापरायचीच असेल तर फक्त तोंडाशी वापरा: चुन्यात बांधलेले कडे, जमिनीपासून दीड फूट वर, बाहेरच्या बाजूला उतार, वर घट्ट बसणारे झाकण. दोर आणि पाय यांनी झिजतो तो गळाच. दुरुस्ती तिथे हवी, पोटात नको.

आमच्या मागण्या साध्या आहेत. त्यांतली पहिली पूर्ण झाल्याशिवाय बाकीच्या बहुतेकांना अर्थ नाही.

१. पेवांचा नकाशा. हमाल, अडते, जुने मालक यांना बोलावून गट क्रमांकानुसार यादी करा. व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या आणि पावत्या पाहा. मग जमिनीवर तपासणी करा. इथे एक इशारा: जमिनीत लहरी सोडणारे रडार हे यंत्र भाड्याने आणून काम उरकले जाईल, अशी आम्हाला भीती आहे. चिकण मातीत त्या लहरी मीटर-दोन मीटरमध्येच विरतात, आणि हरिपूरची माती चिकणच आहे. त्यापेक्षा विद्युत रोधाची मोजणी घ्या. हवेची पोकळी वीज जाऊ देत नाही, माती देते, त्यामुळे रिकामे पेव स्पष्ट उठून दिसते. खुंट्या एक-एक मीटरवर असाव्यात, नाहीतर दहा फुटांचे पेव मधून निसटेल. पाण्याने किंवा राडारोड्याने भरलेले पेव यात फसवू शकते, म्हणून संशयाच्या जागी हाताच्या गिरमिटाने भोक घेऊन खात्री करा. प्रत्येक तोंडाची उंची आयर्विन पुलाच्या मोजपट्टीशी जुळवून लिहा. नकाशा ग्रामपंचायतीत आणि संकेतस्थळावर सर्वांना पाहता आला पाहिजे.

२. नकाशा होईपर्यंत पेवांच्या पट्ट्यातील नव्या बिनशेती आणि बांधकाम परवानग्या थांबवा. त्यानंतर प्रत्येक परवानगीसोबत जमिनीखालच्या तपासणीचा दाखला सक्तीचा करा. पेवाजवळ शोषखड्ड्याला परवानगी नको. तिथे आधी ड्रेनेजची वाहिनी द्या.

३. जे पेव बुजवायचे ते असे बुजवा. तोंड मोकळे करा. ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडा. मिनिटाला दहा घनमीटर हवा देणारा ब्लोअर वीस-पंचवीस मिनिटे चालला तर वर सांगितलेल्या मापाच्या पेवातली हवा दहा वेळा बदलते. प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड आणि ज्वलनशील वायू मोजणारे यंत्र दोरीने सोडून दर पाच फुटांवर आकडा लिहा. उतरावे लागलेच तर तिवई, कंबरपट्टा, दोर आणि वर दोन माणसे हवीत, आणि ब्लोअर चालूच ठेवावा. आतला माणूस पडला तर श्वसनयंत्राशिवाय कोणीही मागोमाग उतरायचे नाही. कुजका माल आणि आधी टाकलेला राडारोडा बाहेर काढा. मग फ्लाय ॲश (औष्णिक वीजकेंद्रातली राख), बारीक वाळू, पाणी आणि घनमीटरला ५० ते १०० किलो सिमेंट असे पातळ मिश्रण नळीने तळापासून ओता. साडेसात ब्रास म्हणजे सुमारे २१ घनमीटर. एका पेवाला २१ ते ४२ पोती सिमेंट लागेल. एका वेळी तीन फूट, मग एक दिवस थांबा. एकदम ओतले तर ओल्या मिश्रणाचा दाब कच्च्या भिंतीवर येतो. वरचे तीन फूट मातीचे थर धुम्मस करून भरा. जागेची नोंद नकाशावर राहू द्या, कारण नीट बुजवलेल्या पेवावरही फुटिंग टाकताना अभियंत्याला ते माहीत असायला हवे. इतके सिमेंट कशाला, असे विचारणाऱ्याने एका घराचा पाया उकरून पुन्हा बांधायचा खर्च काढून पाहावा.

४. लाल पूररेषेच्या, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो त्या रेषेच्या वर, भिंती शाबूत असलेली पेवे राखून ठेवा, आणि ती रिकामी नव्हे, हळद भरून राखा. निळ्या रेषेच्या आत, जिथे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर पोहोचतो, तिथे माल ठेवायचा आग्रह आमचाही नाही. दोन्ही रेषांच्या मधल्या पेवांबद्दल तोंडाची उंची पाहून ठरवता येईल. रिकामे पेव वाळून भेगाळते, उघडे पडते, आणि मग ‘धोकादायक’ ठरवून बुजवले जाते. म्हणून दहा-बारा पेवांवर दोन हंगाम सरकारी खर्चाने प्रयोग करा. एकाच लॉटची हळद पेवात, गोदामात आणि शीतगृहात ठेवा. झाकणातून एक बारीक नळी बाहेर काढली तर पेव न उघडता प्राणवायू मोजता येतो. तापमान आणि आर्द्रता मोजणारे यंत्र भरतानाच आत सोडता येते. शेवटी ओलावा, कीड, रंग, कुरकुमीन आणि क्विंटलमागे खर्च यांची तुलना जाहीर करा. आमचा अंदाज आहे की पेव खर्चात सहज जिंकेल आणि मालातही मागे पडणार नाही. निकाल उलटा लागला तर तोही आम्हाला मान्य असेल.

५. पेवातल्या मालावर कर्ज आणि विमा मिळावा यासाठी बाजार समितीने पुढाकार घ्यावा. कोठारांच्या नोंदणीचे निकष जमिनीवरचे गोदाम डोळ्यासमोर ठेवून लिहिले गेले आहेत: दारे, वायुवीजन, थप्पीतले अंतर. पेव त्यात बसत नाही, कारण ते वायुवीजन बंद करूनच काम करते. त्याच्यासाठी वेगळी कसोटी हवी: तोंडाची पूरपातळी, भिंतीची तपासणी, भरतानाचा ओलावा, बंद केल्यावरचा प्राणवायू. एवढ्या चार आकड्यांवर बँकेला विश्वास ठेवता येईल.

६. पेवात उतरणाऱ्या हमालांना प्रशिक्षण, वायुमापक आणि विमा द्या. यंत्रे बाजार समितीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे ठेवावीत आणि मागेल त्याला त्याच दिवशी मिळावीत. हे काम नकाशाची वाट न पाहता उद्याही सुरू होऊ शकते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाचा फायदा मार्केट यार्डातल्या सौद्यांना व्हावा, पोत्यावर नाव छापले जावे, हे योग्यच आहे. पण ज्या जमिनीमुळे ही हळद सांगलीची म्हणून ओळखली गेली, त्या जमिनीचा विचार त्या कागदासोबत व्हायला हवा होता. पर्यटनासाठी एक-दोन पेवांवर काचेचे झाकण आणि माहितीचा फलक लावण्यालाही आमची हरकत नाही; फक्त तेवढ्याने जबाबदारी संपली असे समजू नये. काचेखालचे पेव उजेडाने आणि उन्हाने तापते, त्यात हळद ठेवता येत नाही.

हरिपूरच्या जमीनमालकांनाही एक विनंती. तुम्ही प्लॉट विकता यात चूक काही नाही, तो तुमचा हक्क आहे. पण घेणाऱ्याला पेवाची जागा लिहून द्या. खरेदीखतात एक ओळ वाढेल, त्याने भाव पडणार नाही. पेव लपवून विकलेल्या जागेवरचे घर तडकले तर मात्र शेजारच्या सगळ्यांचाच भाव पडेल.

यादीचे आणि मोजणीचे काम उन्हाळ्यातच करावे लागते. पावसाळ्यात पेवात पाणी शिरले की ते विद्युत रोधाच्या मोजणीत फसवू शकते, आणि पेव उघडणे तर पावसात शक्यच नाही. म्हणून हमाल आणि अडत्यांची पहिली बैठक येत्या मार्चच्या आत हरिपुरात बोलवावी, तारीख आठ दिवस आधी गावात लावावी, आणि बैठकीला नगररचना व जलसंपदा या दोन्ही विभागांचे अधिकारी हजर असावेत. पेवांच्या जागा दाखवायला आमची माणसे सोबत येतील.

आपले,
हरिपूर व सांगली परिसरातील हळद व्यापार, हमाली आणि बांधकाम क्षेत्रातील नागरिक